बी विंग – फक्त कामाचे मेसेज

सावंत वहिनी (२०४): काल रात्री साडेदहाला "फिटच्या गोळीने लिव्हरचा कॅन्सर, सगळ्यांना पाठवा" हे कोणी टाकलं ते वर दिसतंय, नाव घेत नाही. बाळूभाऊजी याच ग्रुपवर आहेत एवढंच सांगते. आत्ता त्यांची गोळ्यांची डबी बघितली तर मंगळवार रात्रीचं झाकण उघडलेलंच नाही. विचारलं तर म्हणाले, "इतकी वर्षं विषच खातोय म्हणजे." आता बोला.

नाडगौडा काका (४०१): वहिनी, नाव घ्या की सरळ. मी फक्त माहिती शेअर केली. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. बाळूची ती गोळी, गार्डिनाल, डब्ल्यूएचओच्या कॅन्सरच्या यादीत आहे. यादी बघा 🙏

पाटील खजिनदार (१०३): टाकी सफाईचे ३५० रु. अजून न आलेले फ्लॅट: १०२, २०१, ३०३, ४०१. माणसं वर आली आहेत. कृपया सहकार्य करावे.

रोहन (३०३): पाटील काका, मी रविवारीच टाकले. किती वेळा स्क्रीनशॉट पाठवू?

लेले काकू (३०१): अरे टाकी राहू दे. वहिनी, आधी बाळूला गोळी द्या. गेल्या गणपतीत मंडपात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

सावंत वहिनी (२०४): घरात असतील तर देणार ना काकू. कुठे गेलेत माहीत नाही, फोन घरातच वाजतोय.

पाटील खजिनदार (१०३): बाळू गच्चीवर आहे. टाकीवाल्यांची शिडी धरून उभा आहे.

सावंत वहिनी (२०४): शिडी???? पाटीलभाऊ, त्यांना चढू देऊ नका. रात्रीची गोळी नाही घेतलेली. हात जोडते.

पाटील खजिनदार (१०३): धरून उभा आहे म्हटलं. चढलेला नाही. मी जातो वर.

नाडगौडा काका (४०१): मी गोळी बंद करा असं कुठेही म्हटलेलं नाही. मेसेज नीट वाचा. पण डब्ल्यूएचओच्या यादीत आहे म्हणजे काहीतरी असेलच ना? गेल्या महिन्यात कॅम्पमध्ये बाळूचा जीजीटी (लिव्हरची रक्ततपासणी) वाढलेला आला होता, आकड्यापुढे स्टार होता. मीच शेजारी उभा होतो.

अनघा (२०२): काका, दुसऱ्यांचे रिपोर्ट ग्रुपवर 🙄

नाडगौडा काका (४०१): काळजीपोटी बोललो. आजकाल काळजी करणंसुद्धा गुन्हा झालाय.

लेले काकू (३०१): पूर्वा लोकलमध्ये आहे. तिला टॅग केलंय. ती कॉलेजात औषधशास्त्रच शिकवते, तिलाच लिहू दे.

रोहन (३०३): तोपर्यंत पार्किंगमधली ती लाल अ‍ॅक्टिव्हा कोणाची ते सांगा. माझी गाडी निघत नाहीये.

पूर्वा लेले (३०१): आत्ता नेटवर्क आलं. सगळ्यात आधी: वहिनी, बाळूदादाच्या डॉक्टरांना फोन लावा आणि चुकलेली गोळी आत्ता द्यायची का ते विचारा. मनाने दोन एकदम देऊ नका. गार्डिनाल अचानक थांबवलं की फिट उलटून येते, कधी कधी एकामागून एक येते, थांबतच नाही. खरा धोका आज तो आहे. लिव्हरचं नंतर लिहिते.

सावंत वहिनी (२०४): लावते. थँक्यू गं.

नाडगौडा काका (४०१): मुद्दा यादीचा आहे. त्यावर कोणीच बोलत नाही.

पूर्वा लेले (३०१): बोलते काका. यादी डब्ल्यूएचओच्याच कॅन्सर संस्थेची आहे, आयएआरसी. गार्डिनालमधलं औषध, फेनोबार्बिटल, त्यात "ग्रुप २बी" मध्ये आहे, बरोबर. फिटच्याच दुसऱ्या गोळीतलं, इप्टॉइनमधलं, फेनिटॉइनही तिथेच आहे. पण २बी म्हणजे कॅन्सर होऊ शकेल अशी शंका, पुरावा अपुरा. पुरावा किती पक्का हे ती यादी सांगते, धोका किती मोठा हे सांगत नाही. या गोळीच्या बाबतीत पुरावा मुख्यतः उंदरांचा आहे. काही जातींच्या उंदरांना ते औषध दीर्घकाळ खाऊ घातलं की त्यांच्या लिव्हरमध्ये गाठी होतात. उंदराचं लिव्हर या औषधाला जसं उत्तर देतं तसं माणसाचं देत नाही.

पूर्वा लेले (३०१): आणि माणसांचाही अभ्यास झालाय. डेन्मार्कमध्ये फिलाडेल्फिया नावाचं एपिलेप्सीचं मोठं हॉस्पिटल आहे. तिथल्या जुन्या, हजारो पेशंटांत लिव्हरचा कॅन्सर जास्त निघाला. शंका गोळीवर आली. खोलात गेल्यावर कळलं की त्यातल्या काहींना मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एक्स-रे काढताना थोरोट्रास्ट नावाचा डाय टोचला होता. त्यात थोरियम, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ. तो लिव्हरमध्ये जाऊन बसतो आणि जन्मभर तिथून हलत नाही. ते पेशंट बाजूला काढले तर गोळीचा संबंध दिसला नाही. तो डाय केव्हाच बंद झाला.

अनघा (२०२): बाप रे. म्हणजे तपासणीच नडली.

रोहन (३०३): लाल अ‍ॅक्टिव्हा???

नाडगौडा काका (४०१): अभ्यास काय, दोन्ही बाजूंचे मिळतात. औषध कंपन्यांचे हात कुठपर्यंत पोचलेत ते आम्हाला माहीत आहे. डब्ल्यूएचओच्या यादीत आहे हे मात्र खरं.

पूर्वा लेले (३०१): काका, गार्डिनालमधलं फेनोबार्बिटल १९१२ पासून फिटसाठी वापरतात, आणि ते स्वस्तातल्या स्वस्त औषधांपैकी आहे. त्यात कोण कंपनी हात काळे करणार? आणि डब्ल्यूएचओची दुसरी एक यादी आहे, अत्यावश्यक औषधांची. गार्डिनाल त्या यादीतही आहे. तीही फॉरवर्ड करा ना.

लेले काकू (३०१): 😂

नाडगौडा काका (४०१): हसण्यावारी नेऊ नका वहिनी. मी बाळूला कधीपासून सांगतोय, सकाळी अनशापोटी कोरफडीचा रस आणि गुळवेलीचा काढा. लिव्हर एकदम साफ.

पूर्वा लेले (३०१): काका, तुम्ही ज्या यादीवर अडून बसलाय, त्याच २बी मध्ये कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कसुद्धा आहे. आणि गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेले पेशंट मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, तो वाद वेगळा. पण गार्डिनाल चालू असताना डॉक्टरांना न विचारता काढे नकोत.

रोहन (३०३): 🔥🔥🔥

अनघा (२०२): आणि सुपारी कुठल्या ग्रुपात? सहज विचारतेय. जिन्यात रोज कोणीतरी थुंकतं म्हणून.

पूर्वा लेले (३०१): ग्रुप १. माणसात कॅन्सर होतो हे सिद्ध झालेला गट. दारूही तिथेच.

नाडगौडा काका (४०१): हा मेसेज डिलीट केला आहे.

अनघा (२०२): वाचला काका. मी कोणाचंही नाव घेतलेलं नाही.

लेले काकू (३०१): पूर्वा, लोणचंपण आहे म्हणे त्या यादीत? नाडगौडा वहिनींनी मला पर्सनलवर पाठवलंय. मी आत्ताच पाच किलो कैऱ्या फोडल्यात.

पूर्वा लेले (३०१): आई, ते चीन-कोरियाकडच्या आंबवलेल्या भाज्यांबद्दल आहे. तुमच्या बरणीला कोणी हात लावत नाही.

पूर्वा लेले (३०१): जीजीटीचं राहिलं. गार्डिनाल, इप्टॉइन घेणाऱ्यांचा जीजीटी बहुतेक वेळा वाढलेलाच असतो. या गोळ्या लिव्हरची एन्झाइम कामाला लावतात, म्हणून तो आकडा चढतो. नुसता तो वाढला म्हणजे लिव्हर खराब झालं असं होत नाही. एसजीपीटी, बिलिरुबिन या लिव्हरच्या बाकीच्या तपासण्या बघायच्या, आणि त्या डॉक्टरांनी. लिव्हरच्या कॅन्सरमागे नेहमी सापडतात ती कारणं म्हणजे हेपटायटिस बी आणि सी, दारू, सिरोसिस, फॅटी लिव्हर आणि बुरशी आलेले शेंगदाणे, मका. हेपटायटिस बी ची लस आहे, कोणाची राहिली असेल तर घ्या.

पूर्वा लेले (३०१): गोळ्या अगदी साध्याभोळ्या आहेत असंही नाही. व्हॅल्प्रोएट या फिटच्या आणखी एका औषधाने क्वचित लिव्हर फेल होतं, विशेषतः दोन वर्षांखालच्या बाळांत. फेनिटॉइनने हिरड्या सुजतात. वर्षानुवर्षं घेतल्यावर हाडं ठिसूळ होतात, व्हिटॅमिन डी तपासावं लागतं. कावीळ, सतत उलट्या, तापाबरोबर अंगावर पुरळ असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. पण गोळी बदलायची की कमी करायची हे ते ठरवणार, हळूहळू. दादर आलं, उतरते.

सावंत वहिनी (२०४): डॉक्टरांशी बोलले. चुकलेली आत्ता द्या म्हणाले, रात्रीची नेहमीच्या वेळी. भाऊजी खाली आले, गोळी घेतली. पाटीलभाऊ, मनापासून आभार.

पाटील खजिनदार (१०३): आभार कसले. टाकी स्वच्छ झाली. १०२, २०१, ४०१ बाकी. ३०३ मिळाले, रोहन, क्षमस्व.

नाडगौडा काका (४०१): बाळूच्या भल्यासाठीच टाकलं होतं. लोक त्याचा विपर्यास करतात. मी यापुढे ग्रुपवर काही टाकणार नाही.

रोहन (३०३): 🙏🙏

नाडगौडा काका (४०१): पण डब्ल्यूएचओच्या यादीत आहे, हे पूर्वाने स्वतःच मान्य केलं, याची नोंद घ्यावी.

बाळू सावंत (२०४): सगळं वाचलं. माझ्याबद्दल एवढी चर्चा मंडपात पडलो तेव्हाही झाली नव्हती. गुरुवारी ओपीडी आहे, लिव्हरचे रिपोर्ट घेऊन जातो, पूर्वाने सांगितलेलं सगळं विचारतो. आणि पुढच्या वेळी मला फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. चप्पल हुंगवायची नाही. मला आठवत नाही कोणाची होती, पण शर्टावर नऊ नंबरचा ठसा उठला होता.

अनघा (२०२): नऊ नंबर 👀

लेले काकू (३०१): बाळू, संध्याकाळी ये रे. कैरीच्या फोडी ठेवल्यात.

बाळू सावंत (२०४): येतो काकू. कोणाला माहीत आहे का, गार्डिनाल ६० कुठे मिळेल? आमच्या नेहमीच्या मेडिकलवाल्याकडे आठवडाभर नाही. माझ्याकडे रविवारपर्यंतच्याच आहेत.

रोहन (३०३): स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये परवा बघितलं होतं. ओरिजिनल चिठ्ठी मागतात, मोबाईलवरचा फोटो चालत नाही. गाडी निघाली तर मी आणतो.

बाळू सावंत (२०४): लाल अ‍ॅक्टिव्हा ना? ४०१ ची आहे. चावी वॉचमनकडे असते.