गायीचं गणित घोडीला लागू पडत नाही

भ्रूण प्रत्यारोपणात, म्हणजे एका घोडीचा भ्रूण काढून दुसरीच्या गर्भाशयात वाढवताना, गायीसारखी जास्त बीजं सोडवणारी इंजेक्शनं दिली की घोडीकडूनही एका वेळी सात-आठ भ्रूण मिळतील, असं काही जण म्हणतात. ते पटलं नाही. घोडीचं बीज अंडाशयाच्या एका लहानशा खाचेतूनच बाहेर पडतं. औषधांनी फॉलिकल (बीज ज्यात वाढतं ते फोड) वाढवले तरी हाती बहुधा एखाद-दुसराच भ्रूण लागतो.

आणि सगळी चर्चा दाता घोडीभोवतीच, म्हणजे जिचा भ्रूण काढतात तिच्याभोवतीच, फिरते. खरी मेख असते गर्भ वाढवणाऱ्या घोडीत. तिचं बीज दाता घोडीच्या फार तर एक दिवस आधी किंवा दोन-तीन दिवसांनंतर सुटलेलं हवं. दाता घोडीचं बीज सुटल्यावर सातव्या-आठव्या दिवशी तिचं गर्भाशय धुऊन भ्रूण काढतात. पहिल्यांदा मी बशीत शोधत होतो तेव्हा बराच वेळ काहीच दिसेना. मग अगदी कडेला सापडला, अर्धा मिलिमीटरही नसेल, काचेच्या मण्यासारखा गोल! पण ठरवलेली घोडी अजून माजावरच होती, बीज सुटलंच नव्हतं. दुसरी तयार नव्हती, भ्रूण वाया गेला. फार जिवाला लागलं ते. आता एका दाता घोडीमागे दोन-तीन घोड्यांची रोज सोनोग्राफी केल्याशिवाय मी या कामाला हातच घालत नाही.