जुनी फोर बाय फोर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घाटात तिसऱ्यात अडकतो. पुण्यात कोणाला दाखवू?

टेकडीवाला
नमस्कार मंडळी. गाडी २०१० ची डिझेल फोर बाय फोर, पाच गिअरची, जुन्या पद्धतीची टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर ऑइलमधून बॉक्सला देणारा भाग) असलेली ऑटोमॅटिक. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा 'विकून टाका' कडे वळतो आणि मला ती विकायची नाही.

लक्षण असं. गावात फिरताना काहीच त्रास नाही. खंबाटकी, ताम्हिणी, कुठलाही लांब चढ लागला आणि गाडी चांगली तापली की धाडकन झटका बसतो, 'डी'चा दिवा लुकलुकायला लागतो आणि गिअर तिसऱ्यात अडकतो. ना खाली येत, ना वर जात. बाजूला घेऊन चावी बंद करून परत स्टार्ट केली की जणू काही झालंच नव्हतं.

एका गॅरेजमध्ये ऑइल बदललं, थंडीचे दिवस बरे गेले. ऊन तापल्यावर परत तेच. आता ते म्हणतात, बॉक्स उतरवून ओव्हरहॉल करू, एक लाख ऐंशी हजार. कारण विचारलं तर "साहेब, ऑटोमॅटिक आहे ना" एवढंच उत्तर. आधी तपासून मग पाना लावणारा कोणी गिअरबॉक्सवाला माहीत आहे का? मी कोथरूडला असतो, पण भोसरी-चाकणपर्यंत यायची तयारी आहे.

पौडफाटा
मशीनवर लावून फ्लश मारा, म्हणजे जुनं ऑइल सगळं बाहेर. माझ्या भावाच्या गाडीत झटके तसेच गेले.

ग्रीसचे हात
पौडफाटा, भावाची केस वेगळी असेल. नुसतं ड्रेन करून भरलं तर अर्धंअधिक जुनं ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं हे खरं, म्हणून फ्लशचा सल्ला मिळतो. पण इथे चावी फिरवली की गाडी सरळ होते. घाण ऑइल चावीने साफ होत नाही.

टेकडीवाला, तीन गोष्टी सांगा. झटक्याच्या आधी आरपीएमचा काटा उगाच वर पळतो का, म्हणजे इंजिन गुरगुरतंय पण गाडी ओढत नाही असं? ऑइल पांढऱ्या टिश्यूवर टाकल्यावर रंग कसा, वास जळका आहे का? आणि झटक्याच्या वेळी मीटरवर आणखी काही हलतं का?

हवेलीकर
ओढ्यात, नदीत गाडी घातली असेल तर बॉक्सचा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायची नळी, बघा. तापलेला बॉक्स पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. ऑइल गुलाबी मिल्कशेकसारखं दिसलं तर मात्र खर्चाची तयारी ठेवा. पाण्याने क्लच प्लेटवरचं अस्तर सुटतं. मी ब्रीदरला रबरी पाइप लावून तो बॉनेटखाली वर नेऊन ठेवलाय. खर्च किरकोळ, पावसाळ्यात झोप लागते.

टेकडीवाला
धन्यवाद. ऑइल तपकिरीकडे झुकलेलं लाल आहे, दुधाळ नाही, जळका वासही नाही. आरपीएम आधी पळत नाही, झटका बसल्यावरच बदलतो. परवा बायको शेजारी बसून मोबाइलवर मीटरचं शूटिंग करत होती. त्यात दिसलं, झटक्याच्या क्षणी स्पीडोमीटरचा काटा चाळीसवरून एकदम शून्यावर पडतो आणि लगेच उठतो. गाडी चालवताना हे माझ्या कधी लक्षातच आलं नसतं.

ग्रीसचे हात
वहिनींना आमच्यातर्फे चहा पाजा, निम्मं काम त्यांनी केलंय.

क्लच झिजून गिअर घसरत असता तर आधी आरपीएम पळाला असता, मग कॉम्प्युटरने हिशेब न जुळल्यामुळे लिंप मोड लावला असता, म्हणजे नुकसान टाळायला एकाच गिअरमध्ये अडकवलं असतं. तुमच्याकडे उलट आहे. धावत्या गाडीचा स्पीड शून्य दिसला, म्हणजे आउटपुट स्पीड सेन्सरचा सिग्नल तुटला. गाडी किती वेगात आहे हेच कळेना, म्हणून बॉक्सने स्वतःला सुरक्षित गिअरमध्ये कोंडून घेतलं. चावी बंद केल्यावर कॉम्प्युटर नव्याने सुरुवात करतो, तोवर सिग्नल परत आलेला असतो.

स्वस्त मोबाइलवाला स्कॅनर बऱ्याचदा फक्त इंजिन वाचतो आणि पी ०७०० दाखवून थांबतो. त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी सांगायचंय. काय सांगायचंय ते त्या कॉम्प्युटरपर्यंत पोचणाऱ्या स्कॅनरवर दिसेल. तिथे पी ०७२० किंवा त्याच्या आसपासचा कोड असेल असा माझा अंदाज. पी ०७३० आला तर मात्र बॉक्स आतून घसरतोय का हे पुन्हा तपासावं लागेल.

कोड दिसला की लगेच नवीन सेन्सर घेऊ नका. चढावरच का होतं? तिथे दोन गोष्टी एकत्र येतात, उष्णता आणि इंजिनाचा जोर. बॉक्सचं फाउंडेशन, म्हणजे तो ज्या रबरी आधारावर टेकतो ते, खचलं असेल तर जोर आल्यावर अख्खा बॉक्स हलतो आणि वायरिंग ताणलं जातं. चावी बंद, गाडी रॅम्पवर, गार झालेली. सेन्सरचा कपलर (वायरिंगचा प्लग) काढा, कॉम्प्युटरकडचाही काढा, मल्टिमीटर बीपवर लावून एकेक वायर तपासा आणि वायरिंग वीत-वीतभर अंतरावर वाकवत चला. जिथे बीप तुटेल तिथे दुखणं. मग तीच वायर आणि बॉडी यांत बीप येतो का तेही बघा, येता कामा नये. कपलरमध्ये ऑइल झिरपलंय का हेही. इंजिन चालू ठेवून, चाकं उचलून कोणी हे करायला लागला तर तिथून निघा. फोर बाय फोर आहे, घोडीवरून (गाडी टेकवायच्या स्टँडवरून) उडी मारेल.

थोडक्यात, तुम्हाला गिअरबॉक्सवाला नको, चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन हवाय.

हवेलीकर
+१. आणि खाली बाहेरून बसवलेली स्किड प्लेट (दगडधोंड्यांपासून वाचवणारा पत्रा) असेल तर ती आधी उतरवा.

टेकडीवाला
सापडलं! वारज्यात एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, ट्रकचं काम जास्त करतात. कोड पी ०७२०च निघाला. हवेलीकर, स्किड प्लेट उतरवल्यावरच दिसलं. ती बसवताना वायरिंगची क्लिप कोणीतरी तोडलेली होती, त्यामुळे वायरिंग लोंबून सायलेन्सरच्या पाइपाच्या हीट शील्डला टेकत होतं. वरचं आवरण वितळून चकचकीत झालेलं आणि आत एका वायरचं तांबं उघडं. फाउंडेशनचं रबरही चिरलेलं. वायर जोडली, उष्णता सहन करणारी स्लीव्ह घातली, वायरिंग वरून नेऊन बांधलं. फाउंडेशन नाना पेठेतून आणलं. मजुरी आणि माल धरून साडेसहा हजार. काल भर दुपारी खंबाटकी चढून आलो, काटा जागेवर, दिवा गप्प.

ग्रीसचे हात
झकास. ऑइलचा रंग तपकिरी म्हणालात, तर ते काही हजार किलोमीटरवर पुन्हा एकदा ड्रेन करून भरा. लेव्हल कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या तापमानालाच बघायची, गार बॉक्सवर नाही. आणि ग्रेडही पुस्तकातलाच, दुकानदार 'सगळ्याला चालतं' म्हणून देईल तो नाही.

पौडफाटा
त्या इलेक्ट्रिशियनचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? भावाच्या गाडीचे झटके परत सुरू झालेत.