प्रमाणपत्र मिळालं म्हणजे पदभार मिळाला असं नाही

पंचायतीवर नवे सदस्य निवडून आले की त्यांची मुदत 'निकालाच्या दिवसापासूनच पाच वर्षं मोजायची' असं काहींना वाटतं, पण हे मत चुकीचं आहे. प्रमाणपत्र निवडून आल्याचा पुरावा, बस. राज्यघटनेच्या कलम २४३-ई नुसार पंचायतीची मुदत पहिल्या सभेसाठी ठरवलेल्या तारखेपासून ५ वर्षं, त्याहून एक दिवसही जास्त नाही. म्हणून जुनी मुदत संपायच्या आत निकाल लागला तरी नव्यांना थांबावंच लागतं. पहिल्या सभेच्या नोटिशीची आणि इतिवृत्ताची प्रत जपून ठेवा, पुढे मुदतीचा वाद निघाला तर तीच तारीख लागते.

आणखी एक, जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही: पंचायत मुदतीआधी बरखास्त झाली, तर नव्यांना पूर्ण ५ वर्षं मिळत नाहीत, फक्त उरलेला काळ मिळतो.