पटियाच्या छतावर न्हाणीघर: गर्डर पेलतील का?

प्रश्न
लष्कर भागात आमचं जुनं दुमजली घर आहे. खालच्या खोलीवर १३ फुटी गाळ्याचे (दोन आधारांमधलं अंतर) ६ इंची गर्डर, एकमेकांपासून ४ फुटांवर. त्यांवर तीन इंची दगडी पटिया (लांब सपाट लाद्या), वर चार इंच माती-चुन्याचा भराव आणि फरशी. वर कोणी चाललं की खाली धूळ झडते, दोन पटियांना खालून मधोमध चीर आहे. आई-बाबांसाठी वर न्हाणीघर काढायचं आहे. मिस्त्री म्हणतो, फूटभर रोडा (विटांचे तुकडे) भरून पाइप त्यात दाबू. करावं का?

उत्तर १
नको. आहे त्याच भाराचा हिशेब बघा. दर चौरस मीटरला पटिया १८० किलो, भराव १८०, फरशी मसाल्यासकट ११०, आणि राहत्या खोलीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे वापराचा भार २००. झाले ६७०. एका गर्डरच्या वाट्याला मीटरमागे ८०० किलो येतात. ६ इंची, म्हणजे १५० मिमी गर्डरमध्ये ताण चौरस सेंटिमीटरला १६५० किलोपर्यंत जातो, साध्या पोलादाची मर्यादा तिथेच संपते. मधला झोल १८ मिमी निघतो; ठिसूळ छताखाली गाळ्याच्या ३६० व्या भागापेक्षा, म्हणजे ११ मिमीपेक्षा तो जास्त नको. त्यावर फूटभर रोडा म्हणजे चौरस मीटरला आणखी पाचशे किलो.

पटियात सळई नसते. दगड वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतो. चिरलेल्या दोन्हींखाली आजच टेकू लावा.

उत्तर २
उपाय होऊ शकतो. दर दोन जुन्या गर्डरच्या मधोमध नवा २०० मिमी गर्डर घाला. पटियांचा गाळा ४ फुटांवरून २ फूट होतो, चीर नेमकी आधारावर येते आणि जुन्या गर्डरचा भार जवळपास निम्मा होतो.

काम सुरू करण्याआधी जुन्या गर्डरांखाली आडव्या फळ्या देऊन मीटरभर अंतरावर जॅक लावा. गर्डरची पाती (आडवी सपाट पट्टी) ८ सेंमी रुंद, तीवर दोन बाजूंच्या पटिया टेकलेल्या, म्हणजे प्रत्येकीला फार तर ४ सेंमी बैठक. भिंत ठोकताना पटिया सरकली तर ती सरळ खाली येईल. नव्या गर्डरसाठी भिंतीतली भोकं एकेक करून पाडा. टोकाखाली दीड फूट × ९ इंच × ६ इंच काँक्रीटचा ठोकळा, बैठक किमान १५० मिमी.

गर्डर आणि पटियामधली फट लोखंडी पाचर आणि न आकसणाऱ्या ग्राउटने (फटीत ओतायच्या पातळ मसाल्याने) भरा. साधा मसाला आकसतो, मग गर्डर नुसताच लटकलेला राहतो. जॅकने छत वर ढकलू नका, पटिया वरून चिरतील.

जुन्या गर्डरची भिंतीतली टोकं मात्र उघडून बघाच. ओल तिथेच साचते. पापुद्रे सुटत असतील तर तो गर्डर बदला. जुन्या लोखंडाला वेल्डिंग करू नका, बोल्ट वापरा.

उत्तर ३
न्हाणीघराबद्दल: रोडा अजिबात नको. सांडपाण्याचे पाइप छताखालून न्या, खाली खोटं छत करा. जागा कोपऱ्यातली, गर्डरच्या टोकांजवळचीच ठेवा. आडभिंत साडेचार इंची विटेची केली तर दहा फूट उंचीला मीटरमागे साडेसहाशे किलो होते. चार इंची एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ठोकळ्यांची दोनशेच्या आसपास. तीही गर्डरच्या डोक्यावरच घ्या.

पटियांच्या सांध्यांतून झिरपलेलं पाणी थेट गर्डरच्या पातीवर बसतं. म्हणून वॉटरप्रूफिंग भिंतीवर फूटभर चढवा आणि फरशी घालण्याआधी ४८ तास पाणी भरून खालून प्रत्येक सांधा हाताने तपासा. पाण्याची टाकी या खोलीवर नको, भार वाहणाऱ्या भिंतीवर घ्या.