‘सिनॅप्स’: जोड की फट?

चिकित्सक: “दोन चेतापेशी चिकटतात ती जागा म्हणजे सिनॅप्स. शेरिंग्टनने ती सूक्ष्मदर्शकातून पाहिली आणि नाव दिलं.” कालच्या पोस्टमधलं हे वाक्य, आणि खाली ‘छान माहिती’ची रांग! अहो, शेरिंग्टन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाला ती दिसलीच नव्हती. १८९७ मध्ये फॉस्टरच्या शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात लिहिताना, पेशींची टोकं एकसंध नसून नुसती टेकलेली असावीत, एवढाच त्याचा कयास होता. मधली फट दिसली १९५०च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. साधारण २० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पन्नास हजारावा भाग. तीतून निरोप न्यायला रसायन लागतं. चिकटतात म्हणे!

सरळवाट: पोस्ट माझीच. सूक्ष्मदर्शकाचं चुकलं. पण ग्रीकमध्ये अर्थ ‘एकत्र धरणे, कवटाळणे’ असाच ना? मग बिघडलं कुठे?

वाचस्पती: ‘सिन्’ म्हणजे आपला ‘सम्’च. ‘संधी’ शब्द आयता असताना ही उसनवारी कशाला?

शब्दवेडी: झालं सुरू! संस्कृत ‘सम’चा ग्रीक भाऊबंद ‘होमोस’, ‘सिन्’ नव्हे. कानाला सारखं लागलं की लावली सोयरीक. शेरिंग्टनला तर ‘सिंडेस्म’ हवा होता. फॉस्टरने केंब्रिजच्या व्हेरॉल या ग्रीकच्या पंडिताला विचारलं, त्याने ‘सिनॅप्स’ सुचवला. त्यापासून विशेषण बनवणं सोपं होतं, हेही एक कारण.

वाचस्पती: संस्कृतचं नाव काढलं की मिरच्या झोंबतात! तोंडी परीक्षेत मी ‘चेतासंधी’ म्हणालो, तर परीक्षक शेजारच्याकडे बघून हसले. वीस वर्षं झाली, तो हशा विसरलेलो नाही.

शब्दवेडी: हसायला नको होतं, खरंच. पण मीही शाळेत ‘चेता’, कोशात ‘तंत्रिका’, तिसरीकडे ‘मज्जा’ असं एकाच गोष्टीचं बारसं तीनदा जेवले आहे. आणि व्याकरणातल्या संधीत वर्ण एकमेकांत मिसळतात. इथे पेशी मिसळत नाहीत, हाच तर मुद्दा! चेतापेशींचं एकसंध जाळं मानणारा शास्त्रज्ञ गोल्गी. पेशी सुट्या मानणाऱ्या काहालबरोबर १९०६चं नोबेल घेतलं आणि तिथल्याच भाषणात काहालच्या मतावर हल्ला चढवला. तुमचा ‘संधी’ गोल्गीच्या गोटातला.

वाचस्पती: गुडघ्याच्या सांध्यात हाडं मिसळतात का हो, ताई?

शब्दवेडी: …नाही. हा एक गुण तुमचा.

चिकित्सक: मूळ मुद्दा राहिला बाजूला!

सरळवाट: त्यावरच येतोय. १९५९ मध्ये फर्शपॅन आणि पॉटर यांनी क्रेफिश या झिंग्यासारख्या प्राण्यात विद्युत सिनॅप्स दाखवला. तिथे सूक्ष्म नळ्यांनी पेशी थेट जोडलेल्या असतात. रसायन नाही, काही नाही.

चिकित्सक: बरं बाबा, काही ठिकाणी जोड. ‘काही ठिकाणी’ हे शब्द पोस्टमध्ये घाला, आणि तो सूक्ष्मदर्शक काढा.

सरळवाट: काढला. आता तुम्हीही खाली ‘छान माहिती’ लिहून टाका.