रिकाम्या पुंगळ्या घरी भरता येतात का? रायफलच्या सरावाचा खर्च नेमका कुठं कापायचा?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. मुलगी १४ वर्षांची, १० मीटर एअर रायफल करायली. रोज १०० शॉट, महिन्यात २४ दिवस, म्हणजे २,४०० पेलेट (एअर रायफलची शिशाची छोटी गोळी). ५०० चा एक डबा धरला तर जवळपास पाच डबे. पुढं ५० मीटरला जायचं म्हणायली, तिथं .२२ ची काडतुसं त्याहून महाग. शिवाय काकांच्या नावावर पीक संरक्षणाच्या परवान्यावर .३१५ ची रायफल आहे, रानडुकरं हरभरा ठेवंनात म्हणून घेतलेली. त्याचीही काडतुसं परवडंनात. अमेरिकेतले शिकारी झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घरीच परत भरतात आणि खर्च बराच खाली आणतात, असं वाचलं. म्हणून विचारायलो.

.२२ च्या पुंगळ्या परत भरता येतात का? .३१५ च्या येतात का? ट्रॅपमध्ये (लक्ष्यामागं पेलेट अडवणाऱ्या पेटीत) साठलेलं शिसं वितळवून पेलेट पाडता येतील का? आणि यातलं काहीच जमत नसेल तर पैसा कुठं वाचवायचा?

देवगिरी_रेंज (छत्रपती संभाजीनगर)

दादा, पहिल्या तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण तिन्हींची कारणं वेगळी आहेत, ती नीट समजून घ्या.

.२२ हे रिमफायर काडतूस. त्याला वेगळा प्रायमर नसतो. ठिणगी पाडणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत, त्या दुमडलेल्या पोकळ घडीत बसवलेला असतो. फायरिंग पिन ती कड चेपते तेव्हाच मसाला पेटतो. म्हणजे झाडलेल्या पुंगळीची कड कायमची चेपलेली असते आणि आतला मसाला जळून गेलेला असतो. पुंगळी हातात घेऊन बुडाकडून बघा, काठावर नखाएवढा खड्डा दिसेल. तिचं आयुष्य तिथं संपलं.

.३१५ सेंटरफायर आहे. प्रायमर मधोमध, वेगळा बसवलेला. काडतुसात पितळ हाच महागडा भाग, तो परत वापरायचा, हा अमेरिकेतल्या लोकांचा हिशोब. तिथं कायदा ते करू देतो. आपल्याकडं शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. काकांचा परवाना फक्त बाळगण्याचा आहे. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा येतात. म्हणजे पुंगळी भरायचं प्रेसही त्यात धरलं जाईल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडल्याची शिक्षा किमान ७ वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत आहे. चार काडतुसांच्या बचतीसाठी या वाटेला जाऊच नका.

आणखी एक. पीक संरक्षणाचा परवाना हा बंदूक बाळगण्याचा परवाना. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे शिकारीला बंदी आहे. रानडुक्कर किंवा रोही मारायचा तर वनखात्याची लेखी परवानगी आधी हातात हवी. काकांना हे स्पष्ट सांगा.

शिशाचं म्हणाल तर पेलेट ओतून करत नाहीत, साच्यात दाबून करतात. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी असा शंभराव्या भागात सांभाळलेला असतो आणि मागचा घेर कागदासारखा पातळ. चुलीवर हे होत नाही. उलट शिशाचा धूर आणि धूळ घरात राहते, ती लेकराच्या मेंदूला घातक. झाडलेला पेलेट सरळ करून परत घालायचा प्रकारही करू नका. त्यावर नळीच्या आट्यांचे ओरखडे बसलेले असतात, तो वाकडाच जातो किंवा नळीत अडकतो. साठलेलं शिसं भंगारात विका. एक पेलेट ०.५३ ग्रॅमचा, २,४०० चे सव्वा किलोच्या वर भरतात. ट्रॅप उपसताना मास्क लावा, झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. सरावानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय मुलीला जेवणाचा डबा उघडू देऊ नका.

परभणी_नेमबाज

आता चौथ्या प्रश्नावर येतो, कारण खरी बचत तिथंच आहे. रोज १०० पेलेट झाडायची गरजच नाही.

महिन्याचे २४ दिवस असे वाटा: ४ दिवस पूर्ण मॅच, ६० शॉट आणि २० सायटर (गुण न मोजता नेम जुळवायचे शॉट), म्हणजे ३२०. उरलेले २० दिवस रोज ३० पेलेट, म्हणजे ६००. एकूण ९२०. पाच डब्यांचं काम दोन डब्यांत. त्या २० दिवसांत ३० पेलेटच्या आधी ५० ते ६० ड्राय शॉट (पेलेट न घालता रिकामे), तेही पूर्ण पद्धतीनं: रायफल वर, श्वास, स्थिरावणं, ट्रिगरचा पहिला टप्पा, सुटणं, आणि सुटल्यावर दोन सेकंद साइट (नेम धरायचं साधन) तशीच धरून ठेवणं. सुटताना पुढची साइट कुठं होती ते तिनं घड्याळाच्या आकड्यांत तोंडानं सांगायचं, ‘तीनवर’ किंवा ‘नऊवर’. सांगता येत नसेल तर तिनं डोळा मिटला किंवा लवकर मान उचलली. पेलेट झाडताना ही चूक भोकाच्या नादात लपते, ड्रायमध्ये लपत नाही.

घरी १० मीटर जागा नसेल तर ५ मीटर पुरे. खरं काळं वर्तुळ ३०.५ मिमीचं, ५ मीटरला १५ मिमीचं छापा. रेंजवर लक्ष्याचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर असतो. घरी तो मुलीच्या नळीची उंची आणि १.४० यांच्या मधोमध लावा, नाहीतर शरीराचा कोन बदलतो आणि रेंजवर गेल्यावर सगळं परत जुळवावं लागतं. आठवड्यातून दोनदा लक्ष्य काढून नुसती पांढरी भिंत ठेवा. तेव्हा लक्ष फक्त साइट आणि ट्रिगरवर राहतं.

एक खबरदारी. मॅचच्या पीसीपी (आधी भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या) रायफलला ड्रायची सोय दिलेली असते, तिथं कितीही करा. स्प्रिंगची बंदूक मात्र रिकामी कधीच झाडू नका. समोर पेलेट नसला की हवेचा अटकाव मिळत नाही, पिस्टन थेट जाऊन आपटतो, सील फाटतं, स्प्रिंग मोडते. पेलेटचे वाचलेले पैसे दुरुस्तीत जातील.

पेलेट विकत घेतानाही दोन दर्जे ठेवा. सरावाला साधा, स्पर्धेला मॅच ग्रेड. पण आधी नळीला काय चालतं ते बघा. ४.४९, ४.५० आणि ४.५१ चा एकेक डबा घ्या, क्लबमध्ये तिघांनी वाटून. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून प्रत्येकाचे १० शॉट एकाच भोकात मारा आणि भोकाची बाहेरची रुंदी मोजा. दहाचं टिंब ०.५ मिमीचं आहे आणि पेलेटची कड टिंबाला टेकली तरी १० मिळतात. म्हणजे भोक बरोबर मध्यावर असेल तर बाहेरून ९.५ मिमीपर्यंत सगळे दहाच. सरावाच्या पेलेटचा ग्रुप (सगळ्या शॉटचं मिळून पडलेलं भोक) ८ मिमी आला तरी चालतो. स्पर्धेच्या पेलेटचा ६–७ च्या आत हवा, कारण तिथं दशांश मोजतात. जो जमला त्याच लॉटचे (एकाच वेळी बनलेल्या मालाचे) डबे उचला, लॉट नंबर डब्यावर असतो. दोन दर्जांचा शून्य (साइट नेमकी जुळते ती जागा) वेगळा पडतो, म्हणून ‘साध्याकडून मॅचकडं: वर किती क्लिक, उजवीकडं किती’ ही चिठ्ठी केसमध्ये ठेवा.

स्वस्त डब्यातले खराब पेलेट वेगळे काढायची सोपी रीत: काचेची पाटी थोडी तिरपी धरा आणि पेलेट आडवे घरंगळू द्या. चांगले सगळे एकाच वळणानं खाली येतात. ज्याचा घेर चेपलाय तो अडखळतो किंवा भलतीकडं वळतो. ते टाकू नका, सुरुवातीला नळी गरम करायला वापरा. आणि डबा पडू देऊ नका. एकदा खाली आपटला की बऱ्याच पेलेटचे घेर बिघडतात.

मांजराकाठ

मोठी माहिती मिळाली, दोघांचेही आभार. अजून एक खर्च राहिला, हवेचा. हँडपंपानं भरताना जीव जायलाय. शेजारी वेल्डिंगवाल्याकडं मोठं सिलिंडर आहे, त्यातून भरून घेतलं तर?

देवगिरी_रेंज

नाही! ते ऑक्सिजन आहे. दाबाखालचा ऑक्सिजन आणि वंगणाचा एक थेंब एवढ्यावर स्फोट होतो. रायफल मुलीच्या गालाला लावलेली असते. वेल्डिंग, दवाखाना, कुठल्याही ऑक्सिजन सिलिंडरला कनेक्टर लावायचा नाही. रायफलमध्ये कोरडी साधी हवाच जाते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचाही उपयोग नाही. तो ८–१० बार (हवेच्या दाबाचं माप) देतो, आपल्याला २०० लागतात.

स्वस्त पडतं ते असं: क्लबमधल्या पाच-सहा पालकांनी मिळून ३०० बारचं एक डायव्हिंग सिलिंडर घ्यायचं आणि उच्च दाबाचा कॉम्प्रेसर असलेल्या ठिकाणाहून ते भरून आणायचं. रायफलचं सिलिंडर त्यावरून हळूहळू भरा, एका दमात भरलं तर तापतं आणि थंड झाल्यावर गेज खाली येतो. हँडपंपच वापरायचा तर पाच मिनिटांनी थांबून पंप थंड करा, पाणी सोडायचा स्क्रू प्रत्येक वेळी उघडा. पावसाळ्यात पंपातून ओलावा आत जातो आणि रेग्युलेटर (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) बिघडतो. ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कडीला) तेल नाही, फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही अगदी नखभर.

सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, ती बघाच. साधारण १० वर्षं झाली की ते बदलायचं. जुनी रायफल स्वस्तात मिळतेय म्हणून घेणाऱ्यांनी आधी ही तारीख वाचावी. आणि गेज लाल पट्ट्याकडं झुकला की शॉट खाली जायला लागतात. पोरं साइट फिरवत बसतात आणि वीस पेलेट फुकट जातात.

तेरणाकाठची_ताई (धाराशिव)

.२२ बद्दल थोडं मी सांगते, कारण भाऊ, तो खर्च तुमच्या दारात यायलाच आहे.

५० मीटरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं. त्यामुळं वरचाच हिशोब लावला तर बाहेरून सुमारे २१ मिमीच्या ग्रुपलाही दहाच मिळतात. पहिलं वर्षभर महागडा दर्जा घेऊन काही पदरात पडत नाही. सरावाच्या दर्जाचं काडतूस घ्या. महागडं फक्त स्पर्धेच्या आधी, तेही लॉट तपासून. लॉट किंवा कंपनी बदलली की नळीत आधीच्या काडतुसाच्या मेणाचा थर असतो, पहिले १५–२० शॉट इकडंतिकडं जातात. त्यावर साइट हलवू नका. रोज कंपनी बदलणारा माणूस रोज वीस काडतुसं वाया घालवतो.

मे महिन्यात आपल्याकडं गाडीत काडतुसं ठेवू नका. गोळीवरचं मेण वितळून खाली उतरतं आणि ग्रुप फाटतो. कपाटात, मूळ डब्यात, कुलपात.

काडतूस उडालंच नाही तर नळी लक्ष्याकडं ठेवून ३० सेकंद थांबायचं, मग बोल्ट उघडायचा, कारण कधीकधी ते उशिरा पेटतं. न उडालेलं काडतूस रेंज अधिकाऱ्याकडं द्यायचं, खिशात घालायचं नाही. .२२ चं ड्राय करताना चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागी) झाडलेली पुंगळी घाला आणि दर वेळी थोडी फिरवा, म्हणजे पिन कोऱ्या कडेवर पडते. तुमच्या रिकाम्या पुंगळ्यांचा एवढा उपयोग मात्र नक्की आहे. रिकामी चेंबर झाडत राहिलं तर काही रायफलींत पिन चेंबरच्या कडेला लागून तिथं खाच पडते, म्हणून रायफलचं पुस्तक आधी वाचा.

काकांच्या .३१५ ची जुनी काडतुसं तपासा. हिरवट थर आला असेल, मानेला बारीक चीर दिसत असेल, गोळी बोटानं हलत असेल तर झाडू नका, परवानाधारक विक्रेत्याकडं किंवा पोलीस ठाण्यात जमा करा. साइट बसवायला दहा काडतुसं लागत नाहीत. रेंजवर टेकून आधी २५ मीटरला तीन शॉट, तिघांचा मध्य बघून दुरुस्ती, परत तीन. बाकी खांद्याचा सराव एअर रायफलवर होतो. २० ज्यूलपर्यंतची आणि .१७७ बोअरची एअर रायफल विनापरवाना चालते.

आणि लक्ष्याचा कागद साध्या झेरॉक्सवर काढू नका. तो फाटतो, भोकाची कड कळत नाही, ९ की १० यावरून वाद होतो. १७० जीएसएमच्या (कागदाच्या जाडीचं माप) वरचा कार्ड घ्या आणि सरावात एका वर्तुळावर पाच शॉट मारा.