ज्येष्ठ चित्रकाराची मुलाखत रेकॉर्ड करायची आहे: काय विचारावे, चित्रांची नोंद कशी ठेवावी?

रामबागकर
नमस्कार. इंदूरच्या एका 84 वर्षांच्या जलरंग चित्रकारांची सविस्तर मुलाखत आम्ही तिघे मिळून घेणार आहोत. साठच्या दशकात ते इथल्याच चित्रकला विद्यालयात शिकले. घर, शिक्षण, प्रेरणा, कामाची पद्धत हे सगळे त्यांच्याच आवाजात राहावे आणि घरातल्या शंभरेक चित्रांची नोंद व्हावी, एवढाच हेतू. आमच्याकडे दोन फोन, एक कॅमेरा आणि एक ट्रायपॉड आहे. काकांना डाव्या कानाने कमी ऐकू येते आणि तासाभरात ते दमतात. सुरुवात "तुमची प्रेरणा काय?" इथून करावी का? शिवाय बरीच चित्रे काचेत मढवलेली आहेत, त्यांचे फोटो कसे घ्यावेत?

ओला_वॉश
त्या प्रश्नाने सुरुवात अजिबात करू नका. प्रत्येक उद्घाटनाला दिलेले उत्तर त्यांना तोंडपाठ असते, तेच पुन्हा मिळेल. चित्र हातात द्या आणि हाताबद्दल विचारा. हा कागद कुठून आणलात? कोणत्या नंबरचा ब्रश? आधी आकाश की आधी पाणी? वैशाखात इथली हवा इतकी कोरडी असते की मोठा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) खाली पोचेपर्यंत वरची कड वाळते आणि डाग राहतो. मग कागद मागून भिजवत होतात, की पहाटेच बसत होतात? लाल कोणता वापरलात, हेही विचारा. अलिझरिन क्रिमसन उजेडात उडतो. आज फिकी दिसणारी संध्याकाळ मुळात तशी होती का, ते आता फक्त तेच सांगू शकतात. हे बोलता बोलता कुणाचे पाहून शिकलो ते आपोआप येते, आणि तीच खरी प्रेरणा.

बालपणाचेही तसेच. "घरात कलेचे वातावरण होते का" असे न विचारता भिंतीवर कोणती कॅलेंडरे होती, गणपतीची आरास कोण करायचे, रंगांना पैसे कोण द्यायचे, असे विचारा.

नावे तुम्ही पुरवू नका. "चित्रकार बेंद्र्यांचा प्रभाव असेल ना?" म्हटले की वडीलधारी माणसे सौजन्याने हो म्हणतात. चित्रकार देवळालीकरांनी 1927 मध्ये इंदूरचे चित्रविद्यालय सुरू केले. बेंद्रे तिथले विद्यार्थी खरे, पण 1950 पासून ते बडोद्याला शिकवत होते. म्हणजे साठच्या दशकातल्या विद्यार्थ्याने त्यांना पाहिले असेल तर ते भेटीवर आलेले असताना, बडोद्याला जाऊन, किंवा फक्त चित्रांतून. तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. "कुठे पाहिलेत, बरोबर कोण होते?" एवढेच विचारा आणि उत्तर संपल्यावर मनात पाच आकडे मोजा. महत्त्वाचे वाक्य बहुधा त्या शांततेनंतर येते.

खर्जातला_सा
आवाजाचे सांगतो, कारण मुलाखती बहुतेक इथेच वाया जातात. दोन्ही फोन लांब टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग करू नका, खोली ऐकू येते, माणूस नाही. कॉलरचा वायरवाला माइक घ्या आणि हनुवटीपासून वीतभर खाली लावा. शाल असेल तर शालीवर नको, लोकर घासते. रेकॉर्डिंग अॅपमध्ये फाइलचा प्रकार डब्ल्यूएव्ही, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट निवडा. एका माइकचा एक तास साधारण अर्धा जीबी होतो, तेवढी जागा आधी मोकळी करा. अॅपमधल्या मीटरवर सर्वांत मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. दुसऱ्या फोनवर त्याच वेळी वेगळे रेकॉर्डिंग चालू ठेवा. दोन्ही फोन एअरप्लेन मोडवर हवेत, नाहीतर मध्येच फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबते.

पंखा बंद, फ्रिज बंद, कुकरची वेळ टाळा. सुरुवातीला कुणीही न बोलता तीस सेकंद रेकॉर्ड करा, नंतर घरघर काढायला तो तुकडा लागतो. तुम्ही त्यांच्या उजव्या हाताला, थोडे समोर बसा. सकाळी पन्नास मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि दोन बैठकांत दोन-तीन दिवस जाऊ द्या. मधल्या दिवसांत त्यांना बरेच आठवते.

ते मराठीतून हिंदीत, माळवीत जातील. तसेच उतरवा, शुद्ध करू नका. एका तासाचे लिहून काढायला पाच-सहा तास धरा.

रामबागकर
फार उपयोगी. एक अडचण: चार-पाच चित्रे काचेला चिकटल्यासारखी दिसतात.

ओला_वॉश
ती ओढू नका! चित्र आणि काच यांच्या मधे माउंट (पुठ्ठ्याची चौकट) नसला की पावसाळ्यातल्या दमटपणाने रंगातला गोंद मऊ होतो आणि काच धरतो. ओढले तर रंग काचेवर जाईल. फ्रेमसकट आडवी, कोरड्या जागी ठेवा, काचेतूनच फोटो घ्या आणि पुढचे काम कागदाच्या संवर्धकावर सोडा.

उत्तरेची_खिडकी
फोटो असे घ्या. फ्लॅश नको. सारखे दोन दिवे चित्राच्या दोन बाजूंना 45 अंशांत, खोलीतला बाकी उजेड बंद. लेन्स 50 मिमी किंवा जास्त, छिद्र एफ 8, संवेदनशीलता आयएसओ 100, दोन सेकंदांचा टायमर. काचेत कॅमेरा दिसतो म्हणून काळ्या कापडाला लेन्सएवढे भोक पाडून ते कॅमेऱ्यापुढे ताणा. कॅमेरा समांतर आहे का हे पाहायला चित्राच्या मध्यावर छोटा सपाट आरसा धरा, त्यात लेन्स बरोबर मध्ये दिसली पाहिजे. पहिल्या फोटोत कडेला ग्रे कार्ड (नंतर रंग जुळवायला लागणारे करडे कार्ड) ठेवा. नाहीतर पिवळ्या दिव्यात माळव्याची काळी माती तांबडी दिसेल.

पाठीमागचा फोटो विसरू नका, तो माझ्या मते समोरच्याइतकाच मोलाचा. प्रदर्शनाची चिठ्ठी, किंमत, फ्रेमवाल्याचा शिक्का, कधी अर्धवट स्केच, सगळे तिथे सापडते. माप आधी उंची, मग रुंदी, सेंटिमीटरमध्ये, आणि ते फक्त चित्राचे, माउंटचे नाही. सही देवनागरीत की रोमनमध्ये, तेही लिहा. पुष्कळांची सही मधेच बदललेली असते आणि त्यावरून काळ लागतो.

साल विचारले की बहुतेक जण अंदाजे सांगतात. त्यापेक्षा खुंट्या द्या: मध्य प्रदेश झाला तेव्हा (1956), आणीबाणीच्या आधी की नंतर, भोपाळला भारत भवन उघडले तेव्हा (1982). इंदूरच्या राजवाड्याचे चित्र असेल तर 1984 च्या आगीआधीचे की नंतरचे, हे तर विचाराच. सांगितलेले साल आणि पाठीवरचे साल जुळले नाही तर दोन्ही लिहा, समोर बसून दुरुस्त करू नका.

परवानगी पहिल्याच दिवशी लेखी घ्या, मराठीत, एका पानावर: आवाज कोण ऐकू शकेल, फोटो कुठे वापरता येतील, कोणता भाग बंद ठेवायचा. चित्र विकले तरी कॉपीराइट सहसा चित्रकाराकडेच राहतो, आणि त्यांच्या पश्चात 60 वर्षे वारसांकडे. म्हणून घरातल्या एका जाणत्या माणसाचीही सही असू द्या. फाइलच्या नावात तारीख आणि चित्राचा क्रमांक घाला, आणि तोच क्रमांक फ्रेमच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. चिठ्ठ्या चिकटवल्या तर दोन पावसाळ्यांत गळून पडतात.